ज्येष्ठ कलावंतांचं मानधन: अर्ज, पात्रता आणि पुराव्यांची जमवाजमव (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

तुमच्या ओळखीत कुणी थकलेला ढोलकीवाला असेल, शाहीर असेल, आगरी लग्नात धवले गाणारी धवलारीण असेल, मुरबाडकडचा तारपा वाजवणारा बाबा असेल, तर हे त्यांना वाचून दाखवा. शासनाकडून त्यांना दरमहा ५,००० रुपये मानधन मिळू शकतं. गेली काही वर्षं मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या अशा माणसांचे अर्ज भरायला मदत करतो. त्यात एक गोष्ट पक्की कळली. पात्र माणसं भरपूर आहेत. अर्ज अडतो तो कागदावर, आणि तो कागद बरेचदा तुमच्या-माझ्या हातात असतो. ते कसं, ते पुढे सांगतो.

आधी योजना. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती चालवतं. आजचं तिचं नाव ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना’. पूर्वी कलावंतांचे तीन वर्ग होते. राष्ट्रीय पातळीवरचा तो ‘अ’, त्याला ३,१५० रुपये. राज्य पातळीवरचा ‘ब’, त्याला २,७००. आणि स्थानिक पातळीवरचा ‘क’, त्याला २,२५०. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हा भेद गेला आणि सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये झाले. रक्कम वाढली याचा आनंद झालाच, पण ‘क’ गेला याचा जास्त झाला. गावाच्या लग्नात रात्रभर गाणारी बाई ‘स्थानिक’ म्हणून खालच्या पायरीवर बसायची. आता दिल्लीत कार्यक्रम केलेल्या गवयाला जेवढं मानधन, तेवढंच तिला.

आता कोण पात्र ते. वय किमान ५० वर्षं, दिव्यांग असाल तर ४०. कलेच्या किंवा साहित्याच्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम. महाराष्ट्राचा रहिवास. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत. उपजीविका कलेवरच चाललेली असावी, निदान कलेवर चालत होती असं दाखवता यावं. आणि केंद्र किंवा राज्य शासनाच्या दुसऱ्या नियमित मासिक पेन्शन योजनेचा लाभ चालू नसावा. विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग कलावंतांना निवडीत प्राधान्य आहे. एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जणांपर्यंत निवड होते, म्हणजे पात्र असलात तरी रांग आहे हे धरून चाला आणि अर्ज नेटका करा.

उपजीविकेची अट बरेच जण नीट वाचत नाहीत. ठाण्यात हौशी नाटकवाले पैशाला पासरी. बँकेत, कारखान्यात, महापालिकेत नोकरी करून संध्याकाळी तालमी केलेली ही माणसं. राज्य नाट्य स्पर्धेची प्रमाणपत्रं त्यांच्याकडे फाइलभर असतात. त्यांच्या कलेबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण नोकरीचं निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी ही योजना नाही. ज्याचं घर ढोलकीवर चाललं त्याच्यासाठी आहे. नोकरी केलेल्या त्या ज्येष्ठांना मी अर्ज करू नका असं स्पष्ट सांगतो, आणि त्यांच्या नाटकात पेटी वाजवायला येणारे बुवा कुठे राहतात ते विचारतो. अनेकदा खरा लाभार्थी तिथे सापडतो.

श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात येत असतील तर अर्जाआधी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जाऊन स्पष्ट विचारून घ्या. लपवू नका. सगळीकडे आधार क्रमांक एकच असतो, लपवलेलं उघडं पडतं आणि मग दोन्हीकडचं बंद होण्याची वेळ येते.

जिल्हा कुठला, हे आधी ठरवा

नवी मुंबईत राहणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. ‘नवी मुंबई’ हे पत्त्यात लिहायला एकच नाव असलं तरी जिल्हे दोन आहेत. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात. खारघरच्या माणसाची निवड अलिबागकडून होणार, ठाण्याकडून नाही. उत्पन्नाचा दाखलाही पनवेलच्या तहसीलदारांचा लागेल. बेलापूरचा डोंगर ओलांडला की जिल्हा बदलतो एवढं लक्षात ठेवा.

ठाणे जिल्ह्यात आज सात तालुके आहेत: ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्यामुळे डहाणू, जव्हार, विक्रमगडहून मुलांकडे कळव्याला किंवा दिव्याला येऊन राहिलेल्या वारली चित्रकारांच्या जुन्या कागदांवर ‘जि. ठाणे’ असतं आणि गाव आता पालघरात असतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. आज आधारवर आणि रेशनकार्डावर जो पत्ता आहे त्या जिल्ह्यातून अर्ज करा. फक्त सगळ्या कागदांवर तोच पत्ता येईल असं पाहा. आधार मुलाच्या पत्त्यावर आणि रेशनकार्ड गावाकडचं, अशा अर्जावर प्रश्न निघतातच.

कागद कुठले

आधार कार्ड, वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला, तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, बँक पासबुकाची प्रत, लागू असल्यास दिव्यांगत्वाचा दाखला, जोडीदार हयात असेल तर पती-पत्नीचा एकत्र फोटो, शासनाचे पुरस्कार असतील तर त्यांच्या प्रती, नामांकित संस्थेचं किंवा व्यक्तीचं शिफारसपत्र, आणि कलेच्या कामाचे पुरावे. यादी अशी वाचली की सोपी वाटते. यातल्या चार गोष्टींवर थोडं थांबतो.

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा त्याच नावाच्या संकेतस्थळावरून मागता येतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला, त्यामुळे दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे. अर्जाची पावती जपून ठेवा. दाखला चालू आर्थिक वर्षाचा काढा. माझ्या हातून पहिल्याच वर्षी ही चूक झाली होती. एका वाघ्या-मुरळीच्या जोडीचा अर्ज मी फेब्रुवारीतल्या दाखल्यावर तयार करून ठेवला आणि पावसाळ्यात भरला. एका कार्यालयातून तो ‘दाखला जुना’ एवढ्या दोन शब्दांवर परत आला आणि त्यांचं ते वर्ष गेलं. तेव्हापासून मी बाकी सगळं आधी जमवतो आणि उत्पन्नाचा दाखला शेवटी काढतो.

म्हातारा-म्हातारी मुलाच्या घरात राहत असतील आणि मुलाला पगार असेल तर उत्पन्नाचा प्रश्न येतो. रेशनकार्ड वेगळं असेल तर तलाठ्याला ते दाखवा. (तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी या नावाने ओळखलं जातं, पण तुम्ही तलाठी म्हणालात तरी सगळ्यांना कळतं.) घरातली खरी परिस्थिती सांगा. खोटा आकडा टाकून मिळवलेला दाखला पुढे कधीही अंगाशी येतो.

प्रतिज्ञापत्रासाठी कुणी ५०० रुपयांचा स्टँपपेपर आणायला सांगितलं तर थांबा. शासकीय कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना राज्याने मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे. महिन्याला चार-पाच हजारांवर घर चालवणाऱ्या माणसाचे ५०० रुपये असे जाताना पाहिले की जीव तुटतो. शासनाची माफी आहे असं सांगा आणि साध्या कागदावर करून मागा.

बँकेचं खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण मानधन थेट खात्यात जमा होतं. इथे एक बारीक फरक आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं थेट लाभासाठी जोडलं गेलं असं नाही. एकाच माणसाची तीन खाती असतील तर शासनाचे पैसे सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं कधीतरी गॅस सबसिडीसाठी उघडून विसरलेलं असू शकतं. बँकेत जाऊन ‘थेट लाभासाठी माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय’ एवढंच विचारा. ऐरोलीतल्या एका शाहिरांचे पाच महिन्यांचे पैसे अशाच विसरलेल्या खात्यात सापडले.

नावाची भानगड कलावंतांमध्ये जास्त. रंगमंचावरचं नाव एक, आधारवरचं दुसरं. बायकांच्या बाबतीत माहेरचं, सासरचं आणि फडातलं, अशी तीन नावं. जाहिरातीवर ‘लता पुणेकर’ छापलेलं, आधारवर काहीतरी वेगळंच, मग ही बाई तीच, हे समितीने कसं ओळखायचं? ‘अमुक आणि तमुक ही एकाच व्यक्तीची नावं आहेत’ असं प्रतिज्ञापत्रात लिहा आणि शिफारसपत्रातही दोन्ही नावं येऊ द्या. नुसत्या जाहिराती जोडून भागत नाही. वयाच्या बाबतीत, जुन्या माणसांच्या आधारवर बहुतेक १ जानेवारी ही जन्मतारीख असते. शाळेचा दाखला असेल आणि त्यावर वेगळी तारीख असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, दोन तारखा घेऊन पुढे जाऊ नका.

पंधरा वर्षांचा पुरावा

खरा डोंगर हा आहे.

घणसोली गावातल्या एका धवलारीण आजींकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वय विचारलं, पत्ता विचारला, आणि मग विचारलं, ‘आजी, तुम्ही धवले गाता याचा काही कागद आहे?’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘कागूद कनचा? अख्खा गाव मना वलखतं.’ आणि ते खरंच होतं. आगरी लग्नात हळदीपासून धवलारीण लागते, ती विधी सांगते, गाण्यातून देवांना आवतण देते. गावातल्या तीन पिढ्यांची लग्नं या बाईच्या आवाजात लागली. पण गावाने तिला लुगडं दिलं, नारळ दिला, दक्षिणा दिली, सही-शिक्क्याचा कागद कधी दिला नाही. कुणाच्या मनातच आलं नाही, कारण तिची ओळख पटवायची वेळच आली नव्हती.

समितीला मात्र कागद लागतो, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. शंभर जागा आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त अर्ज असतील तर निवड पुराव्यावरच होणार.

मग पुरावा जमवायचा कसा? लग्नपत्रिकेवर धवलारणीचं नाव नसतं, पण लग्नाच्या व्हिडिओत ती असते. आम्ही घरोघर जाऊन जुने अल्बम आणि कॅसेटी काढल्या. एका घरात १९९० च्या दशकातली व्हिडिओ कॅसेट निघाली, ती डिजिटल करून तिच्यातली दृश्यं फोटो म्हणून छापली. ज्या घरचं लग्न, त्या घरच्या कर्त्या माणसाने एक साधं पत्र दिलं: अमुक तारखेला आमच्या मुलीच्या लग्नात या बाईंनी धवले गायले. अशी अकरा पत्रं जमली, सगळ्यात जुनं सव्वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचं. पत्राला त्या लग्नाची पत्रिका जोडली की तारीख आपोआप पक्की होते. गावकीच्या मंडळाने लेटरहेडवर शिफारस दिली. आजींचा अर्ज मंजूर झाला.

तमाशातल्या माणसांचे पुरावे जत्रेत सापडतात. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हसोबाची म्हशाची जत्रा भरते, तिथे तंबू लागायचे, त्यांची हँडबिलं छापलेली असायची. फडमालकाच्या घरी ती मिळतात. आकाशवाणीवर कधी गायलेलं-वाजवलेलं असेल तर करारपत्र शोधा. त्यावर तारीख, नाव, मानधन सगळं असतं, त्यापेक्षा भक्कम कागद मी पाहिला नाही. नाटक लिहिलं असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र चालतं, कारण महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता तिथून जावी लागते. साहित्यिकांनी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि प्रकाशनवर्षाचं पान जोडावं. दिवाळी अंकातल्या कविता शोधायच्या तर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयापासून सुरुवात करा. १८९३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आहे, आणि दिवाळी अंकांवर प्रेम करणारी माणसं तिथे भेटतात. वर्तमानपत्राचं कात्रण जोडताना वरची तारीख आणि पेपरचं नाव दिसेल असं जोडा. नुसता फोटो कापून चिकटवलेली वही कितीही जाड असली तरी तिचा उपयोग होत नाही.

पुरावे वर्षाच्या क्रमाने लावा. सगळ्यात जुना आधी. एकाच वर्षाचे दहा कागद असण्यापेक्षा दहा वेगळ्या वर्षांचा एकेक कागद असणं चांगलं, कारण मोजायची आहेत ती पंधरा वर्षं.

आणि आता जे सुरुवातीला म्हणालो ते. तुमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला भजनी मंडळ येतं. गणपतीत मंडपात शाहिरी होते, नवरात्रात गोंधळ होतो. कार्यक्रम झाला की शाल-श्रीफळ देता, टाळ्या वाजवता, फोटो काढता. त्याबरोबर सोसायटीच्या लेटरहेडवर चार ओळी द्या: कलावंताचं आधारवरचं पूर्ण नाव, कला, कार्यक्रमाची तारीख, स्थळ, दिलेलं मानधन, सचिवाची सही आणि शिक्का. पाच मिनिटांचं काम आहे. त्या शालीची ऊब एक हिवाळा पुरेल. हा कागद वीस वर्षांनी त्या माणसाचं औषध-पाणी चालवेल. वाशी-नेरूळमध्ये नोंदणीकृत सोसायट्या शेकड्यांनी आहेत, प्रत्येकीत शिक्का आहे, लेटरहेड आहे. गावठाणातल्या मंडळांनी तर जमलं तर एक वहीच घालावी: कोण आलं, काय वाजवलं, कधी. कलेची कदर आपण मनापासून करतो, पण ती लिहून ठेवत नाही, आणि त्याची किंमत कलावंत म्हातारपणी मोजतो.

अर्ज आणि पुढचं

पूर्वी हा अर्ज पंचायत समितीतून जिल्हा परिषदेकडे जायचा. आता तो ‘महाकलासन्मान’ या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, म्हणून आधारला जोडलेला फोन नंबर चालू आहे ना ते आधी पाहा. नातवाचा जुना नंबर जोडलेला असणं ही नेहमीची गोष्ट. कागद स्कॅन करताना उजेडात, सरळ, चारही कोपरे दिसतील असे करा. भरून झाल्यावर अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि छापील प्रत सगळ्या पुराव्यांसकट घरात ठेवा. अर्ज घेण्याची मुदत जाहीर होते तेव्हा कागद तयार असलेला माणूसच वेळेत पोचतो.

पुढे जिल्हास्तरीय निवड समिती अर्ज तपासते आणि मंजूर नावांची यादी लागते. नाव नाही लागलं तर कारण विचारा, त्रुटी दुरुस्त करा आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरा. माझ्या ओळखीतल्या एका सनईवादकाचा अर्ज तिसऱ्या वर्षी मंजूर झाला. ‘मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका. अर्जाला कुणाची मध्यस्थी लागत नाही.

वय ६० च्या वर असेल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचीही एक योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला ७२,००० रुपये आणि साहाय्य महिन्याला ६,००० रुपयांपर्यंत. घरात शिकणारी पुढची पिढी असेल तर १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. आणि भजनी मंडळांनी जाहिरातींवर लक्ष ठेवावं. २०२५ च्या गणेशोत्सवात राज्यातल्या १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपयांचं भांडवली अनुदान जाहीर झालं, आणि आमच्याकडच्या दोन मंडळांना ते मुदत संपल्यावर कळलं.

मानधन सुरू झालं की दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, आणि माणूस अंथरुणावर असेल तर घरच्यांनी कार्यालयाला वेळेत कळवावं.

कलावंत गेल्यावर मानधन त्याच्या पश्चात पत्नीला किंवा पतीला मिळतं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, जोडीदाराचं आधार आणि बँक खातं देऊन अर्ज करावा लागतो. हे आपोआप होत नाही, आणि बऱ्याच घरांना माहीतही नसतं. म्हणून अर्जातला तो पती-पत्नीचा एकत्र फोटो आणि जोडीदाराचं आधारवरचं अचूक नाव सुरुवातीलाच नीट द्या. कळव्यातल्या ढोलकीवाल्या बाबांकडे असा फोटोच नव्हता. बेचाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकत्र कधी काढला नव्हता. आम्ही त्यांना स्टेशनजवळच्या स्टुडिओत नेलं. बाबा ढोलकी घेऊन आले होते. फोटोत ती चालणार नाही म्हटल्यावर त्यांनी ती काकूंच्या पायाशी ठेवली. एक प्रत अर्जाला लावली, एक त्यांच्या भिंतीवर आहे. गेल्या वर्षी बाबा गेले. काकूंच्या नावाचा अर्ज आम्ही त्याच फोटोवर केला.